जारक, जंबुकी आणि बाकीच्या भानगडी

नाही, म्हणजे चारचौघांत काढायचा हा विषय नव्हेच. पण पोह्यांवर तर्री पडलीच आहे आणि शेजारच्या बाकावर लहान मूलबाळ कोणी नाही, तर ऐका. आपल्या नागपुरात, ह्याच सोज्वळ, संत्राबर्फी खाणाऱ्या नागपुरात, एका बड्या पंडितानं ऑक्सिजनचं नाव ‘जारक’ ठेवलं होतं. ठेवलं काय, रीतसर कोशात छापलं! जारक, बाप्पा! मराठी घरात ‘जार’ हा शब्द एक तर कीर्तनकार बुवा आवाज उतरवून सांगतात त्या गोष्टींत ऐकू येतो, नाहीतर गाय व्याली की गोठ्यात. आणि हे म्हणणार, सकाळी उठून अंबाझरीवर जा आणि तोच छाती भरून घ्या.

एवढ्यावर थांबले असते तरी झाकता आलं असतं. पण नाही. कार्बन डायऑक्साइडचं नाव काय, तर ‘प्रांगार द्विजारेय’. म्हणजे बिचाऱ्या कोळशाच्या घरी एक सोडून दोन-दोन! कार्बन मोनॉक्साइड त्या मानानं एकनिष्ठ म्हणावा, एकजारेय. तर नेमका तोच जीव घेतो. थंडीत खोली बंद करून शेगडी उशाशी ठेवून झोपणाऱ्यांना विचारा. विचारता येत नाही, हीच तर अडचण आहे. आमच्या शेजारच्या वहिनींना हे सांगितलं तर त्या कणीक मळता मळता थांबल्या. ‘काऊन हो, ह्यांना दुसरं नाव नाही भेटलं?’

भेटली की! पोत्यानं भेटली. तीच तर भानगड आहे.

पंडितांचं नाव डॉ. रघुवीर. जन्म १९०२ चा, रावळपिंडीचा. लंडनची पीएचडी, हॉलंडात उत्रेख्तची डी. लिट. म्हणजे माणूस अडाणी म्हणून सोडून द्यायचीही सोय नाही. लाहोरात त्यांची ‘सरस्वती विहार’ ही संस्था होती. फाळणीच्या आधी ते बिऱ्हाड, ग्रंथ, कागद सगळं घेऊन नागपुरात आले. तेव्हा आपलं गाव राजधानीचं होतं, मध्यप्रांत आणि वऱ्हाडची. रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री. इंग्रज जातोय, कारभार हिंदी-मराठीत करायचाय, कॉलेजात विज्ञान आपल्या भाषेत शिकवायचंय, आणि शब्द कुठायत? रघुवीर म्हणाले, मी देतो. संविधान सभेत ते आपल्याच प्रांतातून बसले आणि नागपुरातून एकामागून एक पारिभाषिक कोश काढत राहिले. १९५० साली जो आंग्ल-भारतीय महाकोश आला, तो एका हातानं उचलणारा पहिलवान बघायचा असेल तर महालातल्या आखाड्यात जावं लागेल.

त्यांचं गणित असं: संस्कृतात वीसेक उपसर्ग, पाचशेच्या वर धातू, ऐंशीच्या आसपास प्रत्यय. ह्याला ते लावा, त्याला हे लावा, लाखोंनी शब्द पडतात. इंग्रजीचं तोंड बघायची गरजच काय? पंडितांनी मूलद्रव्यांना नावं ठेवली आणि मग लोकांनी पंडितांना. दोन्ही कामं मोठ्या उत्साहात झाली.

आता ती नावं बघा आणि मनाची तयारी ठेवा. आयोडीन झालं ‘जंबुकी’. फ्लोरीन ‘तरस्विनी’. पंडितांच्या मनात काय होतं ते सरळ आहे: आयोडीनची वाफ जांभळी, म्हणून जंबू, म्हणजे जांभूळ. फ्लोरीन भलतंच तडफदार, दिसेल त्याच्यावर झडप घालणारं, म्हणून तरस्विनी. पण मराठी कानाला काय ऐकू आलं? जंबुक म्हणजे कोल्हा आणि तरस म्हणजे तरस! प्रयोगशाळा म्हणायची की महाराजबागेतलं प्राणिसंग्रहालय? त्यात ब्रोमीनचं नाव ‘दुराघ्री’. घाण वास मारते म्हणून. म्हणजे पिंजऱ्यांच्या बाजूनं वारा कुठून येतोय तेही कळलं.

(ब्रोमीनच्या बाबतीत मात्र तक्रार करायला जागा नाही. १८२६ मध्ये बालार नावाच्या फ्रेंच पोरानं ते खाऱ्या पाण्यातून काढलं, आणि साहेबांनी त्याला ठेवलेलं ग्रीक नावही ‘दुर्गंध’ असंच आहे. ग्रीकमध्ये शिवी दिली की विज्ञान, संस्कृतात दिली की विनोद.)

हे सगळं मी धरमपेठेतल्या एका निवृत्त रसायनाच्या सरांना हसत हसत सांगत होतो. सरांनी चष्मा काढून पुसला. सर चष्मा पुसायला लागले की समोरच्यानं खुर्ची धरून बसावं. ‘हसून झालं असेल तर पद्धत बघून घे,’ म्हणाले. आणि त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर दोन रांगा लिहिल्या. सोडियम क्षारातु, पोटॅशियम दहातु, कॅल्शियम चूर्णातु, मॅग्नेशियम भ्राजातु, युरेनियम किरणातु. खाली नायट्रोजन भूयाति, आर्गॉन मन्दाति, हेलियम यानाति. ‘शेपट्या बघ.’ बघितल्या. धातू असला की शेवटी ‘आतु’, धातूतला. वायू असला की ‘आति’, वाति म्हणजे वाहणारा, त्यातला. आडनावाच्या शेवटी ‘वार’ दिसलं की माणूस चंद्रपूर-यवतमाळकडचा हे आपण पत्ता न विचारता ओळखतो, तसं नाव ऐकलं की पदार्थाचं घराणं कळावं. पोटी भानगड असलेल्या माणसाला एवढा व्यवस्थितपणा जमत नाही, हे मलाही मान्य करावं लागलं.

आणि खाली उतरून बघाल तर एकेक नाव चांगलं पारखून बसवलेलं. हवेत नायट्रोजन ७८ टक्के, म्हणून ‘भूयाति’, भरपूर असलेला. इंग्रजी नावात काय आहे? सोरा तयार करणारा, एवढंच. अ‍ॅल्युमिनियम ‘स्फट्यातु’, कारण स्फटी म्हणजे तुरटी, आणि साहेबाचं अ‍ॅल्युमिनियमही तुरटीच्याच लॅटिन नावावरून आलेलं. हेलियमची तर गंमतच आहे. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण आपल्या देशातून दिसलं. गुंटूरला जान्सेन हा फ्रेंच ज्योतिषी दुर्बिणी लावून बसला होता. सूर्याच्या वर्णपटात पिवळी रेघ सापडली. लॉकियर नावाच्या इंग्रज साहेबांना वाटलं, हा कुठला तरी नवा धातू. म्हणून नावाला धातूची ‘इयम’ शेपटी लावली. निघाला वायू! तो आजतागायत धातूचं आडनाव लावून फिरतोय आणि कोणी त्याला हटकत नाही. नागपुरात पंडितांनी त्याला मुकाट्यानं ‘आति’च्या रांगेत उभं केलं. (विजयदुर्गावर दर वर्षी १८ ऑगस्टला हेलियमचा उत्सव होतो, लॉकियर तिथूनच बघत होते म्हणून. साहेब त्या साली इंग्लंडातच होते. पण कोकणातल्या माणसाला हे नागपुरातून सांगू नये, उगाच वेगळ्या विदर्भाचा विषय निघतो.)

‘आणि जारकाचं काय?’ मी विचारलं. मुद्दा सोडायचा नाही, हे पत्रकारितेचं मूळ तत्त्व.

सर म्हणाले, त्याला पॅरिसहून यावं लागेल. बरं, चला. लव्हॉयझिए नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या आधी रसायनातली नावं ऐकाल तर भूक लागेल. अँटिमनीचं लोणी, जस्ताची फुलं, गंधकाची कलेजी. कलेजी, खरंच! सावजीकडे ऑर्डर द्यावी अशी. एकाच पदार्थाला चार गावांत चार नावं, आणि नावावरून आत काय आहे ते कळेल तर शपथ. वायूंचं तर विचारूच नका. कॅव्हेंडिशनं १७६६ मध्ये हायड्रोजन धरला तो ‘पेटणारी हवा’ म्हणून. प्रिस्टलीनं १७७४ मध्ये ऑक्सिजन धरला आणि त्याला असं लांबलचक नाव दिलं की ते उच्चारेपर्यंत माणसाला तोच लागावा. मग १७८७ मध्ये गितों द मोर्व्हो, लव्हॉयझिए, बेर्तोले आणि फुर्क्रोआ अशा चौघांनी मिळून नव्या नावांचं पुस्तकच काढलं. कशापासून बनलं ते नावात आलं पाहिजे, आणि प्रमाण बदललं की शेपटी बदलली पाहिजे. सल्फेट वेगळं, सल्फाइट वेगळं, सल्फाइड वेगळं. आज दहावीतला पोरगा ज्या शेपट्यांपायी मार्क घालवतो त्या ह्या चौकडीच्या. तेव्हा पॅरिसातही लोक हसलेच होते. ग्रीक येणारे तर जास्तच हसले. लव्हॉयझिएचा पुढे १७९४ मध्ये गिलोटिनवर शिरच्छेद झाला, पण तो करवसुलीच्या धंद्यापायी. शब्दांपायी कोणाला कापत नाहीत, नाहीतर आपल्याकडे साहित्य संमेलनं कशी झाली असती?

तर ह्या लव्हॉयझिएनं ऑक्सिजन हे नाव का दिलं? त्याला वाटलं, जगातल्या प्रत्येक आम्लात हा असतोच. म्हणून आम्ल जन्माला घालणारा, ऑक्सिजन. आणि १८१० मध्ये हंफ्री डेव्हीनं दाखवून दिलं की मिठापासून काढलेल्या तेजाबात, म्हणजे आजच्या हायड्रोक्लोरिकमध्ये, ऑक्सिजनचा मागमूसही नाही. नाव खोटं ठरलं! पण तोवर पत्रिका छापून वाटून झाल्या होत्या. जर्मनांनी त्याचं भाषांतर करून ‘आंबट पदार्थ’ केलं, बंगाल्यांनी अम्लजान, हिंदीवाल्यांनी अम्लजन. एका फ्रेंचाची चूक सगळ्यांनी आपापल्या भाषेत प्रेमानं सांभाळली.

आता जारक. आपल्या रसशास्त्रात शिसं, कथिल, जस्त उघड्या कढईत तापवून, ढवळून, त्याची भुकटी करतात. त्या क्रियेला ‘जारण’ म्हणतात. धातूचं काय होतं त्यात? हवेतला ऑक्सिजन घेतो आणि त्याचं ऑक्साइड होतं. म्हणजे जारण घडवून आणणारा तो जारक. ऑक्सिजन जे खरोखर करतो नेमकं तेच नाव! वर्षानुवर्षं आपण ज्याच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले तो बिचारा सगळ्यांत सज्जन निघाला, आणि सभ्य घरातला म्हणून मिरवणारा ऑक्सिजन खोट्या दाखल्यावर नोकरी करतोय. मी तर बाई, सुन्नच झालो. (रसशास्त्रात शिशाला ‘नाग’ म्हणतात हेही सरांनी जाता जाता सांगितलं. त्यावरून आपल्या गावाच्या नावाचं काय होतं ते मी घरी बोललो नाही.)

मग एवढं सगळं ठीकठाक होतं तर चाललं का नाही?

एक तर थट्टा. रघुवीरांच्या नावावर लोकांनी काय काय खपवलं! रेल्वेला लोहपथगामिनी, टायला कंठलंगोट. त्यातले बरेचसे शब्द चेष्टेखोरांनी चहा पिता पिता पाडलेले. सावरकरांच्या भाषाशुद्धीलाही आपल्याकडे हाच प्रसाद मिळाला. महापौर, दिनांक हे शब्द लोक मुकाट वापरत राहिले आणि हसायला मात्र सिग्नलची ती मैलभर लांबीची ‘अग्निरथगमनागमन’वाली पाटी घेतली. थट्टेला पुरावा लागत नाही, हे आपल्याला टपरीवर बसणाऱ्यांना काय सांगायचं.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे, आणि ह्यात आपले मराठी लोकही तितकेच अडकलेले आहेत. रघुवीर यायच्या कितीतरी आधी मराठीत नावं ठेवून झाली होती. कोल्हापूरचे बाळाजी प्रभाकर मोडक एकोणिसाव्या शतकातच मराठीतून रसायनशास्त्र लिहीत होते. आणि केतकरांचा ज्ञानकोश? त्याचं मंडळ १९१६ च्या सुमाराला उघडलं ते पुण्यात नव्हे, ह्याच नागपुरात! नंतर पुण्याला नेलं, ते पुण्याचं झालं. त्या जखमेवर आज मीठ नको. त्या जुन्या मराठीत हायड्रोजन ‘उज्ज’, ऑक्सिजन ‘प्राण’, नायट्रोजन ‘नत्र’, कार्बन ‘कर्ब’, सोडियम ‘सिंधु’, पोटॅशियम ‘पालाश’. सल्फेट म्हणजे गंधकित, नायट्रेट म्हणजे नत्रित. आखूड, सुटसुटीत, घरगुती. १९४८ मध्ये दाते-कर्व्यांचा शास्त्रीय परिभाषा कोशही येऊन बसला.

आता १९५० च्या नागपूरच्या कॉलेजातलं पोरगं डोळ्यांसमोर आणा. शाळेत मराठी मास्तरांनी शिकवलं प्राणवायू. शेजारच्या हिंदी शाळेतला मित्र म्हणतो ओषजन. त्याच्या काकाच्या पुस्तकात अम्लजन. सरकारी कोशात जारक. आणि परीक्षेला बसायचं तर प्राध्यापक बोलणार ऑक्सिजन, कारण ते ज्या पुस्तकातून शिकले ते इंग्रजी. एका वायूला पाच नावं! इतकी उर्फ असलेला माणूस सीताबर्डी ठाण्यात गेला तर जमादार आधी आत घेईल, मग गुन्हा विचारेल.

चीनकडे बघा म्हणजे खटका कुठे आहे ते कळेल. चिनी लोकांनी अगदी रघुवीरी काम केलं. प्रत्येक मूलद्रव्याला एकेक स्वतंत्र अक्षर दिलं, धातूंच्या अक्षरात ‘धातू’ची खूण, वायूंच्या अक्षरात ‘वायू’ची खूण. आतु आणि आतिच की! तिथे ते आज प्रत्येक शाळेत चालतं. माझं मत विचाराल तर शब्द अवघड असल्यामुळे काही अडत नाही. तिथे लिपी एक आणि शेवटी नावांची यादी एक. आपल्याकडे एका चौकात तीन भाषा आणि चार कोश, आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या शब्दाचं हसू.

शेवटी दिल्लीनं १९६१ मध्ये शब्दावली आयोग नेमला आणि तोडगा काढला: मूलद्रव्यांची, संयुगांची आंतरराष्ट्रीय नावं आहेत तशी राहू द्या, बाकी कल्पनांना आपले शब्द. म्हणून मराठी शाळेत आज अणू, रेणू, मूलद्रव्य, संयुग, समस्थानिक, आम्ल, आम्लारी हे सगळं आपलं, आणि त्यात बसणारी माणसं मात्र हायड्रोजन, सोडियम. रघुवीर तोवर १९५६ मध्ये दिल्लीला गेले होते. राजधानीही त्याच वर्षी आपल्याला सोडून गेली. पुढे ते जनसंघाचे अध्यक्ष झाले आणि १९६३ च्या मे महिन्यात कानपूरजवळ मोटार अपघातात वारले.

आणि आपल्या गावात त्यांच्या शब्दांची काय निशाणी? अमरावती रोडवर १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था निघाली. कामठीच्या लक्ष्मीनारायण नावाच्या खाणमालकाच्या देणगीतून उभी राहिलेली. खाणी कशाच्या? मँगेनीजच्या. रघुवीरांच्या कोशात मँगेनीज म्हणजे ‘लोहक’. मनसरच्या खाणीतल्या माणसाला लोहक म्हणून बघा, तो लोहाराच्या दुकानाचा पत्ता देईल.

त्याऐवजी इतवारीत या. सराफ ओळीत सोन्याचा कस बघायला तेजाब लागतो. सोऱ्याचा तेजाब कोणता आणि गंधकाचा कोणता, हे तिथल्या पोऱ्याला डोळे मिटून कळतं. पुढे काष्ठौषधीच्या दुकानात मी परवा उभा होतो. एक कल्हईवाला आला, म्हणाला, ‘नवसागर पावशेर, अन् कथिलाची कांडी.’ दुकानदारानं पेटाऱ्यातून पांढरट ढेकूळ काढलं, हातोडीनं फोडलं, कागदात बांधलं. मी विचारलं, ह्याला शास्त्रात काय म्हणतात माहीत आहे का? कल्हईवाल्यानं माझ्याकडे बघितलं. ‘तापल्या भांड्यावर चिमूटभर टाकला की धूर निघते, तांबं साफ होते, मग कथिल धरते. नाव नवसागर. काऊन, बदललं का?’ नाही हो, नाही बदललं. अमोनियम क्लोराइड असं मनात म्हणून मी बाजूला झालो. मोरचूद, हिराकस, टाकणखार, तुरटी, हिंगूळ, सगळे त्याच दुकानात, त्याच नावांनी, कोणत्याही आयोगाला न विचारता बसलेले आहेत.

आणि सगळ्यांत मोठी बातमी तर काटोलकडे कळली. उज्ज गेला, सिंधु गेला, गंधकित गेलं. पण पालाश? काटोल-नरखेडच्या कोणत्याही संत्रावाल्याला विचारा, झाडाला काय दिलं? कृषी विद्यापीठाची शिफारस तो तोंडपाठ सांगेल: नत्र इतकं, स्फुरद इतकं, पालाश इतकं. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश! जुन्या मराठी पंडितांची तीन पोरं घर सोडून गेली ती थेट खताच्या दुकानात जाऊन सुखानं नांदतायत. कारण उघड आहे. पालाश पोत्यात मिळतो. भ्राजातु कुठे मिळतो? (हे खरं की दुकानात तोच शेतकरी ‘दहा-सव्वीस-सव्वीस दे’ एवढंच म्हणतो. पण ते नाव नव्हे, तो आकडा. आकड्याचा नाद विदर्भाला जुनाच आहे.)

सरांना हे सांगितलं तर ते खूश झाले, आणि मग त्यांनी मला आणखी एक सांगितलं. २०१६ मध्ये रसायनाच्या जागतिक मंडळानं चार नव्या मूलद्रव्यांना नावं दिली: निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसाइन आणि ओगानेसॉन. एक जपानच्या नावानं, एक मॉस्कोच्या, एक टेनेसीच्या, एक चक्क हयात असलेल्या माणसाच्या. आणि त्याच सुमाराला नियमही ठरवून टाकला. कोणत्या घराण्यात जन्मलं ते बघून शेपटी लावायची, कुठे ‘इयम’, कुठे ‘आइन’, कुठे ‘ऑन’. हे ऐकून कोणी हसलं? कोणी कंठलंगोट आठवला? कोणी नाही!

तर माझं म्हणणं इतकंच आहे की टेनेसीला मूलद्रव्य मिळतं, तर झिरो माइलच्या गावाला का नको? अर्ज करायला आपण तयार आहोत. सर म्हणाले, पण शेपटी कोणती लावायची? नागपुरातु म्हणायचं, तर धातू असल्याचं सिद्ध करावं लागेल. मी म्हटलं, सर, मे महिन्यात दुपारी दोन वाजता व्हरायटी चौकात उभं राहून बघा. डांबर चपलेला चिकटतं, माणूस अर्धा आटतो आणि उरलेला वाफ होऊन अंबाझरीच्या दिशेनं निघतो. त्यावर सरांनी पुन्हा चष्मा पुसायला काढला आणि म्हणाले, मग अर्ज दोन करावे लागतील, हिवाळ्याचा आतु आणि उन्हाळ्याचा आति.